सहा वाजताचं पाणी

पंप चालवायला डोकं लागतं, असं मी घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगत असे. पाहुण्याचा चहा संपायच्या आत मी त्याला मागच्या दारी नेत असे आणि हौद, पंप, पाइपावरच्या दोन चाव्या आणि भिंतीवर माझ्या हस्ताक्षरात लिहिलेले नियम दाखवत असे. नियम अकरा होते. बरेच पाहुणे पुन्हा आले नाहीत.

सत्तर सालाच्या आगेमागे मी लोणावळ्यात रेल्वेच्या सिग्नल-केबिनमध्ये नोकरीला होतो, म्हणून लोक मला मास्तर म्हणत. केबिनमध्ये लिव्हरची एक लांब ओळ असते. गाडीला कुठला रूळ द्यायचा, कुठला सिग्नल पाडायचा, हे त्या लिव्हरांवर ठरतं. त्यांची रचना अशी की एक ओढला की त्याच्या आड येणारा दुसरा आपोआप जखडला जातो. माणूस कितीही बावळट असला तरी दोन गाड्या एका रुळावर येत नाहीत. हे शहाणपण यंत्राचं होतं, पण मी ते माझंच समजत होतो. पगार यंत्राला न मिळता मला मिळत असल्यामुळे हा गैरसमज दूर व्हायला वावही नव्हता.

लोणावळ्यात पाऊस किती पडतो हे वेगळं सांगायला नको. चार महिने आमच्या कपड्यांना वास यायचा आणि काडेपेटी चुलीशेजारी ठेवावी लागायची. आणि त्याच गावात मार्च सरला की नळाला नुसती हवा यायची. एप्रिलमध्ये नगरपालिकेचं पाणी दिवसाआड, तेही सकाळी कधीतरी, अर्धा तास. म्हणून मी घरामागे हौद बांधला आणि कौलांच्या कडेने पत्र्याच्या पन्हळी लावून सगळं छप्पर त्या हौदात ओतलं. एवढ्याशा घराला एवढा हौद कशाला, असं लोक विचारायचे. मी त्यांना हिशेब समजावून सांगायचो. खरं कारण सांगत नसे. खरं कारण आई होती.

आम्ही मावळातल्या एका लहान गावातले. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो. पण त्याच्या आधी, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, गावच्या विहिरीला हात लावायची आम्हाला सोय नव्हती. आई घागर घेऊन विहिरीपासून दहा पावलांवर बसायची. कोणाला सवड झाली, कोणाच्या मनात आलं, की वरून तिच्या घागरीत पाणी ओतलं जायचं. कधी घटकाभरात, कधी दुपार कलल्यावर. मी तिच्या शेजारी मातीत रेघोट्या ओढत बसलेला असायचो. नोकरी लागली तेव्हाच मी ठरवलं की आईला पाण्यासाठी पुन्हा कोणाच्या तोंडाकडे बघायला लावायचं नाही. ही प्रतिज्ञा मी आईला बोलूनही दाखवली होती. जरा जास्तच वेळा दाखवली होती.

पंप मिळाला एका बंगल्यातून. मुंबईच्या मालकांनी नवा बसवला आणि जुना माझ्याकडे आला. तो जोडून दिला नगरपालिकेच्या फिटरने. हा गृहस्थ कुरवंड्याहून रोज चालत यायचा आणि सुटीच्या दिवशी अशी खाजगी कामं करायचा. मांडणी सोपी होती. न्हाणीघरावर लोखंडी टाकी, आणि टाकीच्या काठावरून आत सुटणारा एकच पाइप. त्या पाइपाला खाली दोन फाटे. एक पंपातून हौदाकडे जाणारा, दुसरा रस्त्यावरच्या नगरपालिकेच्या नळाकडे जाणारा. दोन्ही फाट्यांवर एकेक चावी. नळाला पाणी आलं की नळाची चावी उघडायची आणि हौदाची बंद करायची. नळाला पाणी नसलं की नळाची बंद करायची, हौदाची उघडायची आणि पंप लावायचा. बस्स, एवढंच.

काम आटोपल्यावर फिटर म्हणाला, "मास्तर, नळाच्या फाट्यावर एक झडप बशिवतो. पानी येकाच अंगानं जाईल, माघारी फिरायचं न्हाई."

"झडप कशाला? मी आहे ना," मी म्हणालो. "दिवसभर मी तेच करतो. एक उघडायचं तर दुसरं बंद."

"तुमी हाय म्हनूनच म्हनलं," असं काहीतरी तो पुटपुटला. तेव्हा मला तो मान वाटला.

मी नळाची चावी तांबडी रंगवली आणि हौदाची हिरवी. पाण्याची खोली कळावी म्हणून एक रिकामा डबा कथिलाने झाळून बंद केला आणि हौदात तरंगत सोडला. त्याची दोरी कप्पीवरून भिंतीवर आणली आणि टोकाला दगड बांधला. पाणी खाली गेलं की दगड वर चढायचा. हे उलटं का, ते समजावून सांगण्यात मला फार आनंद मिळे. नियम क्रमांक एक असा होता : या यंत्रास घरातील अन्य कोणीही हात लावू नये. घरात अन्य म्हणजे बायको आणि आई. बायको त्या उन्हाळ्यात बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. म्हणजे उरली आई. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिला तो नियम मी रोज तोंडी सांगायचो.

आमचं घर आळीच्या चढावरच्या टोकाला होतं. खाली उतारावर सहा घरं. गुडघे धरलेले असल्यामुळे आई दिवसभर ओट्यावर बसून असायची आणि समोरच्या काकू तिच्याशी गप्पा मारायला यायच्या. काकू मनाने वाईट नव्हत्या. आईच्या गुडघ्यांसाठी त्यांनी स्वतः तेल काढून दिलं होतं. तासन् तास बसायच्या. पण आईने पाण्याचं भांडं पुढे केलं की म्हणायच्या, "आत्ताच पिऊन आले हो, मास्तरांच्या आई." चहाचंही तसंच. तीन वर्षांत त्या बाईंना आमच्या ओट्यावर एकदाही तहान लागली नाही. मी आतल्या आत जळायचो. आई भांडं उचलून आत न्यायची आणि पुन्हा येऊन बोलायला बसायची.

त्या एप्रिलमध्ये मला एक युक्ती सुचली. नगरपालिकेचं पाणी सकाळी कधी येईल याचा नेम नव्हता. मी ड्यूटीवर असताना आलं आणि तांबडी चावी बंद असली, तर ते आमच्या दारावरून पुढे निघून जाणार. तेव्हा तांबडी चावी कायमचीच उघडी ठेवावी! आलं पाणी की चढलं आपोआप टाकीत. एक थेंब हुकायचा नाही. संध्याकाळी सहाला मी हिरवी चावी उघडून पंप लावायचो, आणि तांबडी उघडीच असायची. यात काही चुकतंय अशी शंकासुद्धा मला आली नाही. नळातून पाणी येतं, नळात ते जातं कशाला, असा माझा समज.

दोन-तीन दिवसांत माझ्या लक्षात आलं की टाकी भरायला वेळ फार लागतोय. एरवी वीस मिनिटांत भरायची, आता तास झाला तरी काठाला येईना. पंपाचं वय झालं असं मी ठरवलं आणि तो उघडून परत जोडला. एक स्क्रू उरला. मग दगडाकडे लक्ष गेलं. तो भिंतीवर भराभर वर चढत होता. रोज दोन बोटं चढायचा तिथे चार-पाच बोटं. या गतीने मे उजाडायच्या आत हौद रिकामा होणार होता. आईला दिलेला शब्द त्या दगडाला बांधलेला होता.

हौद गळतोय का ते बघायला मी सकाळी आतल्या भिंतीवर कोळशाने रेघ मारली. संध्याकाळी पाहिलं तर पाणी रेघेवरच. पंप लावला, तासाने पाहिलं, तर पाणी रेघेखाली बरंच उतरलेलं. यावरून, हौद फक्त पंप चालू असतानाच गळतो, असा शोध मी लावला. केबिनमध्ये दोघांना सांगितलासुद्धा. त्यांनी मान डोलावली आणि विषय बदलला.

याच सुमारास आळीत आनंदीआनंद झाला होता. नगरपालिकेने संध्याकाळचं पाणी सुरू केलं होतं! सहाला म्हणजे सहाला. करंगळीएवढी धार, पण तासभर. बायका पावणेसहापासून हंडे मांडून बसायच्या. मला हे काकूंकडून कळलं. त्या आईला सांगत होत्या, "आणि पाणी किती गोड आहे हो! दुसरीकडून कुठून तरी आणलंय नक्की. डाळ कशी लोण्यासारखी शिजते. आमच्याकडे आता पिण्याला हेच, स्वयंपाकाला हेच आणि देवाच्या पूजेलाही हेच."

आई म्हणाली, "व्हय का? बरं झालं की."

मला मात्र बरं वाटलं नाही. सगळ्या आळीला संध्याकाळी पाणी, मग आमच्या टाकीत का येत नाही? दुसऱ्या दिवशी बरोबर सव्वासहाला मी पंप बंद केला आणि पाइपाला कान लावला. आत चिडीचूप. तणतणत पुढच्या दारी गेलो. तिथे सगळ्या बायका रिकाम्या नळांकडे बघत होत्या. "गेलं हो पाणी," काकू म्हणाल्या. मी परत मागे जाऊन पंप लावला, तोच पुढून आरडाओरडा, "आलं, आलं!" मी पंप बंद करून पळत बाहेर. "गेलं!"

असं मी चार दिवस केलं. मागून पुढे आणि पुढून मागे पळून माझा दम निघाला. आई ओट्यावर बसून कधी माझ्याकडे, कधी नळांकडे बघायची. शेवटी माझी खात्री पटली. मी चौकशीला बाहेर पडलो की पाणी बंद करतात आणि आत गेलो की सोडतात. सगळ्यांना द्यायचं आणि आमचं घर तेवढं वगळायचं, ही रीत मला नवी नव्हती. मनात साठलेलं सगळं वर आलं. मी कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला : "आळीतील सर्व घरांस सायंकाळी पाणी मिळते. केवळ अर्जदाराच्या घरास मिळत नाही. याचे कारण अर्जदार पुरते जाणून आहे." शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. तो अर्ज स्वतः नेऊन टेबलावर आपटला.

कारकुनाने तो दोनदा वाचला. "संध्याकाळी?" तो म्हणाला. "अहो, आम्ही संध्याकाळी पाणी सोडतच नाही."

"म्हणजे तुम्ही नाकबूल करता?" मी गरजलो. मी तिथे आणखीही बरंच बोललो. आपले हक्क, आपली घटना, माझी नोकरी. भाषण चांगलं झालं असावं, कारण शेजारच्या खोलीतून लोक ऐकायला आले. कारकून शांतपणे म्हणाला, उद्या माणूस पाठवतो.

दुसऱ्या दिवशी माझी सुटी होती. संध्याकाळी पाचला तोच कुरवंड्याचा फिटर आला. मी त्याला मागे नेलं, पंप दाखवायला हिरवी चावी उघडली आणि अन्याय समजावून सांगू लागलो. त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो दोन्ही चाव्यांकडे बघत होता.

"मास्तर, दोनी चाव्या उगड्या कशापायी?"

"तांबडी उघडीच ठेवतो. थेंब हुकू नये म्हणून."

"आन पंप लावता तवा?"

"तेव्हाही."

त्याने पंपाचं बटण दाबलं. क्षणभराने पुढून काकूंचा आवाज आला, "अगं बाई! पाणी आलं! आज पाचलाच?" त्याने बटण बंद केलं. "गेलं!" त्याने पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. आळीत नुसती पळापळ झाली. मग तो हौदाच्या कठड्यावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"मास्तर," तो म्हणाला, "आवो, समद्या आळीला तुमीच पानी पाजताय की! पानी बापडं, टाकीत चढन्यापरीस उतारानं जानारच. तुमी त्या केबिनीत बी अशेच दोनी रूळ उगडे ठिवता का वो? म्हंजी मी गाडीत बसायचो न्हाई."

तीन आठवडे मी रोज संध्याकाळी उभा राहून माझ्या आईचा हौद रस्त्यात ओतत होतो. नियम क्रमांक एकपासून अकरापर्यंत सगळे माझ्याकडे बघत होते. फिटरने दोन्ही चाव्या घट्ट बंद केल्या. झडप उद्या आणून बसवतो म्हणाला आणि हसतच गेला. मी हौदाचं झाकण काढून आत पाहिलं. जेमतेम हातभर पाणी होतं. पावसाला अजून दीड महिना.

मग माझ्या डोक्यात एकदम दुसराच विचार आला. आळीने प्यायलेलं पाणी आमचं होतं. काकूंच्या डाळीत आमचं, काकूंच्या देवांच्या अंगावर आमचं! मी ओट्यावर आलो तो बाह्या सरसावूनच. रस्त्याच्या मधोमध उभं राहून सगळ्यांना ओरडून सांगायचं होतं. माझी फजिती झाली तर झाली, पण त्यांचे चेहरे मला बघायचे होते.

आईने मला हाताला धरून खाली बसवलं.

"बोलू नगंस," ती म्हणाली.

"तुला माहीत आहे काय झालंय ते?"

"व्हय."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिसापास्नं. हितं बसलं की मागनं पंप आयकू येतो आन म्होरं नळ दिसत्यात. पंप गुरगुरला की पानी, ग्येला की पानी ग्येलं. त्याला काय शाळा लागती?"

मला रडावं की ओरडावं ते कळेना. "अगं, मग सांगितलं का नाहीस? हौद रिकामा झाला! तुझ्यासाठी बांधला होता तो. तुला कोणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये म्हणून!"

समोर काकूंच्या दारात हंडे ओळीने मांडलेले होते.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "पर गावाकडं त्या वरनं वतायच्या आन मी खाली घागर धरायची. सारा जलम त्यातच ग्येला. हितं आपलं पानी त्यांच्या हंड्यात पडतंया, ह्ये मी रोज बगती. त्यांला न्हाई ठावं, मला ठावं हाय. लय बरं वाटतं रं मला. म्हनलं, चार दिस वतू द्यावं."

मी मान खाली घातली. एवढी वर्षं मला वाटत होतं की आईला पाणी मिळालं की झालं. पाणी देणं हेही तिला हवं असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि ते तिला मिळालं कसं, तर माझ्या मूर्खपणातून. शहाणपणातून तिला अकरा नियम मिळाले होते.

"निदान आता तरी सांगू दे त्यांना," मी म्हणालो.

"नगं. सांगितलंस तर भरल्यालं समदं वतून देतील. पानी वतून द्याचं न्हाई." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "सा वाजाया आल्यात. बाया बसल्यात बग. आजच्यापुरतं लाव."

हौदात हातभर पाणी होतं. ते गेलं तर पावसापर्यंत मला ड्यूटीवरून सुटून सायकलला डबे बांधून लांबच्या झऱ्यावरून पाणी आणावं लागणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पुढे आणलंही, दीड महिना, आणि दर खेपेला स्वतःला शिव्या घातल्या. पण त्या वेळी मी उठलो. मागे गेलो, हिरवी चावी उघडली, मग तांबडी उघडली, आणि पंप लावला.

पुढचं दार आणि मागचं दार एका रेषेत होतं. पंपापाशी उभं राहून मला ओट्यावर बसलेल्या आईची पाठ दिसत होती आणि तिच्या पलीकडे काकूंचा नळ. हंडे एकेक करून भरत गेले. हौदात पाइपाच्या तोंडाशी असलेल्या फूटवॉलपाशी गुळगुळ आवाज सुरू झाला, पंप हवा ओढू लागला. नियम क्रमांक सातप्रमाणे मी त्याच क्षणी बटण बंद करायला हवं होतं. मी आईच्या पाठीकडे बघत उभा राहिलो.

काकूंनी शेवटची कळशी नळाखालून काढली, कमरेवर घेतली आणि आत गेल्या. तेव्हा आईने मागे न बघता हात वर केला. मी पंप बंद केला.